ढब्बूबाईची हद्दपारी

फार पूर्वी एका संगणकात एक सपाट नगर होते. तेथे एक सोडून बाकी सगळ्या समान आकाराच्या चकत्या शिस्तीने रांगेत राहत. नगराची पूर्वेची वेस पश्चिमेच्या वेशीला जोडलेली होती, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते.

एकदा उष्णता वाढली आणि रांगा डळमळू लागल्या. रांगा मोडणे म्हणजेच तेथे वितळणे. रांगांची राखण करणारी चकती, सुवृत्ताबाई, घाबरल्या. “या थोराड ढब्बूबाईमुळेच आपण वितळणार!” त्या गरजल्या.

“थरथरता तर तुम्हीही आहात,” नगरातली एकमेव मोठी चकती, ढब्बूबाई, म्हणाली.

“आम्ही शिस्तीत थरथरतो!”

सर्वांनी मिळून तिला पूर्वेच्या वेशीबाहेर रेटले. पश्चिमेच्या वेशीला पाठ करून सर्वांत मागून रेटणाऱ्या सुवृत्ताबाई समाधानाने किंचित सैलावल्या, तोच त्यांच्या पाठीला धक्का बसला.

“सरका जरा, बाई,” ढब्बूबाई म्हणाली.

सरकायला जागा भरपूर होती. ढकलण्याच्या भरात एकही रांग शिल्लक उरली नव्हती.