स्मार्ट तळ्याची पाहणी

एका तळ्याच्या काठी, गोट्यांच्या मधोमध, एक तरुण टिटवी चार अंडी उबवत होती. मुलांनो, टिटवी काडीचेही घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवरच्या खळग्यातली तिची ठिपकेदार अंडी खड्यांत अशी मिसळून जातात की शेजारून जाणाऱ्यालाही दिसत नाहीत. शत्रू आला की ती अंड्यांपासून लांब पळते आणि तिथे आरडाओरडा करते, म्हणजे शत्रू तिकडेच जातो. आईने तिला हेच शिकवले होते.

त्या साली कोल्ह्यांची एक कंपनी तिथे आली. "तुमचे तळे आम्ही स्मार्ट करतो," मुख्य कोल्हा प्राण्यांच्या सभेत म्हणाला. "काठाला फरशी, झाडांवर काजव्यांचे दिवे! तुम्ही फक्त काठाची रिकामी जागा द्या." स्मार्ट म्हणजे काय, हे कुणीच विचारले नाही. सभेचे प्रमुख असलेल्या म्हाताऱ्या कासवाने तर आधीच मान डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी कोल्हा आणि कासव पाहणीला आले. कोल्हा दिसताच टिटवी पार दुसऱ्या टोकाला पळाली आणि जीव तोडून ओरडू लागली. दोघे तिच्यामागे तिकडेच गेले. तिथे काय असणार? "जागा रिकामी," कोल्ह्याने जाहीर केले. "एक टिटवी आहे, उगाच ओरडणारी."

कंपनीची रानडुकरे जमीन सपाट करायला येणार, हे कळताच टिटवीने कासवाला एकटे गाठले. "आजोबा, तिथे माझी चार अंडी आहेत!"

"मग काल नाही का सांगायचे?"

"कोल्ह्यासमोर?"

"उलट बोलू नकोस, पोरी. हे कवच काय उगाच जुने झाले? हरकत असेल तर कंपनीला जागेवर दाखवायची, असा नियम आहे."

"नियम कुणी केला?"

"कंपनीनेच. फार व्यवस्थित मंडळी आहेत!"

अंडी दाखवली तर कोल्हा खाणार, न दाखवली तर डुकरे तुडवणार. टिटवीने खूप विचार केला. सगळ्यांच्या देखत तरी कोल्ह्याला लाज वाटेल, असे तिला वाटले. तिने अख्खी सभा काठावर आणली आणि अंड्यांवरून बाजूला झाली. "ही बघा! आता म्हणा रिकामी!"

कोल्हा अदबीने वाकला. "चूक झाली, टिटवीताई. ही अंडी आम्ही सुरक्षित जागी हलवतो. जबाबदारी कंपनीची."

"बघ! आणि तू नुसती कोकलत होतीस," कासव भारावून म्हणाले. सभा खूश झाली. कोल्ह्याने एकेक अंडे अलगद तोंडात धरून नेले. टिटवी त्याच्या डोळ्यांवर झेपावली, तेव्हा सभेतल्या हरणांनीच तिला अडवले. "चांगल्या कामात आडवी येऊ नकोस गं!"

काठावर गुळगुळीत फरशी बसली. टिटवी रोज कोल्ह्याला विचारी, "कुठे हलवलीत?"

"काम चालू आहे, ताई," कोल्हा ओठ चाटत म्हणे. आणि तिने पुन्हा विचारले, की जंगलातले सगळे वडीलधारे तिलाच गप्प बसवत.

तात्पर्य : गाव सुधारण्याचे काम ज्याच्या हाती द्याल, त्यालाच गावात कोण राहते हे ठरवू देऊ नका, आणि असे ठरवू देणाऱ्यांना केवळ वयाने मोठे म्हणून शहाणे समजू नका.