समाधीची तिसरी बाजू

"मग समाधी किती खोल झाली?"

अचलनाथांनी अंथरुणावरूनच विचारलं. महिनाभर ते उठले नव्हते. मठामागे त्यांची समाधी खणून तयार होती, आणि त्यांचा शिष्य मणिनाथ सकाळपासून भलताच खुशीत होता.

रिकाम्या समाधीत काठी किंवा दोरी सोडायची नाही, ही मठाची रीत. दोन बाजू वरून पावलाला पाऊल लावून मोजता येतात, तिसरी, खोलीची, कळत नाही. पण मणिनाथ दीक्षेआधी शाळेत भूमिती शिकवायचा. गादी आपल्यालाच मिळणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"भिवा बेलदाराने तीनशे साठ पाट्या माती उपसली, महाराज. पाटी म्हणजे एक पाऊल लांब, एक रुंद, एक उंच. उपसलेली माती फुगते, म्हणून चौथा हिस्सा सोडला. उरल्या दोनशे सत्तर."

"बरं."

"लांबी नऊ पावलं, रुंदी पाच. नऊ पाचे पंचेचाळीस. त्याने दोनशे सत्तरला भागलं. खोली सहा पावलं. आत न उतरता सांगतोय."

अचलनाथांनी मान त्याच्याकडे वळवली.

"नऊ आणि पाच... कुणाच्या पावलांनी?"

"माझ्या. तंतोतंत बसली. बोटभरही इकडेतिकडे नाही."

अचलनाथांनी पांघरूण सारलं आणि पाय बाहेर काढला. रोगाने बोटं कधीच गेली होती. पाऊल लहान मुलाच्या पावलाएवढं उरलं होतं.

मणिनाथाने ते पाहिलं, मग स्वतःचं.

रीत त्यालाही ठाऊक होती. खणायच्या दिवशी पहाटे गुरूच्या उंबऱ्यापाशी भस्म पसरतात. गुरूला धरून उठवतात, त्याचं पाऊल भस्मात उमटवतात. बेलदार त्याच पावलाच्या मापाने समाधी आखतो. जो बसणार त्याची नऊ पावलं, त्याचीच पाच.

"मला त्या दिवशी कुणी उठवलंच नाही," अचलनाथ म्हणाले. "भिवा आला तेव्हा पाऊल आधीच उमटलं होतं. ते माझंच समजून त्याने माप घेतलं... अंधारात इथे कशाला आला होतास?"

मणिनाथाने आपलं पाऊल मागे ओढलं.

"सांग."

"तुमचा श्वास... चालू आहे का, ते बघायला."

बाहेर भिवा कुदळ धूत होता. पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला. मणिनाथाला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त.

"मी बुजवून टाकतो, महाराज. आत्ताच. तुमच्यासाठी दुसरी खणू."

"खणलेली समाधी रिकामी बुजवत नाहीत."

"मग...?"

अचलनाथांनी भिंतीला हात लावला. महिनाभरात पहिल्यांदाच ते उभे राहिले, कुणीही न धरता. मणिनाथ मागे सरायला गेला, पण त्याचे पाय हलेनात.

"चल. उतरताना हात धरतो मी."