मोगऱ्याच्या तीन कुंड्यांची कहाणी

ऐक मातीमाई, तुझी कहाणी. आटपाट म्हणावं असं नगर होतं. तिथं येसू माळीण राहत होती. सासूनं मरताना तिच्या हाती मोगऱ्याच्या तीन जुन्या कुंड्या दिल्या. चैत्रातल्या शुक्रवारी देवीला वेणी त्याच मोगऱ्याची. तो त्या घरचा मान. विकतची फुलं चालत नसत. वेणी चुकली की मान शेजारच्या गोदीचा.

कुंड्यांवर पाण्यातल्या खाराचा लोणा चढला, पांढराफटक. गोदी कुंपणावरून म्हणाली, "काय गं येसू, कुंड्यांचे केस पिकले की!" येसूला ते झोंबलं. घासायचा तर कंटाळा. मग तिनं काय केलं? बाजारातून तांबडा तेलरंग आणला, झाडं काढून आतबाहेर फासला, झाडं परत लावली. कुंड्या चकाकल्या. येसू उतली, मातली.

मग पहिला मोगरा पिवळा पडला. मग दुसरा पडला. मग तिसरा पार झडला. येसू उठे, पाणी घाली. बसे, पुन्हा उठे, पुन्हा पाणी घाली. घास उतरेना, घरात पाय ठरेना.

मातीमाई म्हातारीच्या रूपानं दारी आली. "लेकी, घोटभर पाणी दे." येसूनं माठातलं दिलं.

"गार कसं गं हे?"

"माठ पाझरतो ना, आजी."

"आणि माठाला रंग फासलास तर?"

येसूनं मान वळवून कुंड्यांकडे पाहिलं.

"मग मोगऱ्याचा श्वास का कोंडलास, मेले?"

येसूनं पाय धरले. "उपाय सांगा."

"उपाय कसला, काम आहे. झाडं उपट, सडकी मुळं छाट, टोपलीत लाव. कुंड्या गोवऱ्यांच्या धगीत ठेव, रंग जळेल. मग विटेनं खरवड, काथ्यानं घास, ताकानं धू. चीर गेली तर चुना-गूळ भर. दर वर्षी घासायच्या. हा वसा. टाकलास तर मी पुन्हा यायची नाही."

येसूनं केलं. हाताची सालं निघाली. तिसरी कुंडी धगीत तडकली. चुना-गूळ भरला, सुतळीनं आवळली, झाडं परत लावली. मग पहिला मोगरा फुटला. मग दुसरा फुटला. तिसरा नुसती काटकी. येसू पहाटे बघे, दुपारी बघे, दिवेलागणीला बघे.

शुक्रवार उजाडला. दोन झाडांची फुलं ओवली, वेणी तोकडी पडली. गोदी दारात येऊन ठेपली. "आण गं, मान इकडे!" येसू धावत तडकल्या कुंडीपाशी गेली. बघते तर सुतळीच्या वेढ्याआड फुटवा, फुटव्याला टपोऱ्या कळ्या. वेणी पुरी झाली. देवीला पोचली.

गोदी फणकारली, "पुढल्या वर्षी पुन्हा केस पिकतील, बघ!"

येसू म्हणाली, "पिकू देत. घासायला माझे हात आहेत."

मातीमाई येसूला पावली, तशी तुम्हां-आम्हांला पावो. आणि बायांनो, नुसता प्रसाद घेऊन उठू नका, घरी जाऊन आपापल्या कुंड्या बघा. साठां बोलांची कहाणी, पांचां बोलांत सांगितली, फळाला आली, पुरी झाली.