वडसांगव्याच्या वाचनालयातली गुरुवारची हाक

दारामागची ती काठी फिरायला न्यायची नाही, पाहुणे. द्या ती माझ्याकडे. दर गुरुवारी दुपारी आमच्या वडसांगव्याच्या वाचनालयात पुस्तक मोठ्याने वाचतात, आणि त्याआधी वाचणारा माणूस ही काठी जमिनीवर आपटत इमारतीला फेरी घालतो. "कोण आहे बाहेर? आत या!" अशी हाक देतो. बाहेरून कुणी आत येऊन बसेपर्यंत त्याने पुस्तक उघडायचं नाही आणि स्वतःही बसायचं नाही, अशी इथली रीत. आज पाळी माझी आहे, म्हणून माझा पाय ठरत नाही. तुम्ही बसा. मी येरझाऱ्या घालतच सांगतो.

आमच्याकडे मुलांचं सुट्टीतलं शिबिर आहे, स्पर्धापरीक्षेची अभ्यासिका आहे, अंथरुणाला खिळलेल्यांना घरी पुस्तकं पोचवायची सोय आहे. तपासणीला येणारे साहेब त्याचं कौतुक करतात आणि काठीची गोष्ट निघाली की हसतात. मला त्या हसण्याचा राग येतो. उगाच कशाला लपवू?

गोष्ट इंग्रजी अमदानीतली. वाचनालय उभं राहून सातआठ वर्षं झाली होती आणि अंताजीमास्तर ते सांभाळत होते. माणूस विद्वान, पण शिस्तीचा भारी कडक. वाचन चालू असताना कुणी खोकलं तरी मास्तर पुस्तक मिटून त्याच्याकडे बघत राहायचे, तो उठून जाईपर्यंत. शब्द जसा छापलाय तसा वाचायचा, त्यात काना इकडचा तिकडे होता कामा नये, असा त्यांचा बाणा. आत फक्त पुरुष बसत. बायकांना मज्जाव होता असं नाही म्हणे, पण कुणी त्यांना या असंही म्हटलं नव्हतं. दोन्हीत फरक काय, ते तुम्हीच सांगा.

त्या साली एक नवी कादंबरी लावली होती. एका सावकाराची मुलगी तारवातून भावाला शोधायला निघते, अशी काहीशी. श्रावणाचे दिवस, मागच्या खिडकीखाली कमरेएवढं गवत. मास्तर प्रकरणाच्या शेवटाला आले आणि पुस्तक मिटणार, तोच मागे धप्पकन आवाज झाला. लोक धावले. कासारांची सून हौसा गवतात पडली होती आणि तिच्या घोट्यावर जनावराच्या दातांची खूण होती. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. जनावर डसलं ते प्रकरणाच्या मध्यावर, असं पुढे तिनेच सांगितलं. ओरडली असती तर वाचन थांबलं असतं आणि खिडकी कायमची बंद झाली असती, म्हणून प्रकरण संपेपर्यंत ती गप्प राहिली. असं सांगतात बुवा. मला हे सांगताना अजून कसंतरी होतं.

तिला उचलून ओसरीवर आणलं. तालुक्याला न्यावं तर नदीला पूर, नाव सुटत नव्हती. गावच्या वैद्याने कसलंसं मूळ उगाळून पाजलं आणि बजावलं, "दिवस मावळेस्तवर हिला झोपू द्यायचं न्हाई. डोळा लागला की खेळ खलास." तुम्ही मात्र असलं काही करू नका, सरळ दवाखाना गाठा. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता.

सासू कपाळ बडवत आली. "बाईमाणसाला काय करायचीय कादंबरी?" म्हणाली, आणि मग सुनेचं डोकं मांडीवर घेऊन रडायला लागली. कुणी हौसाच्या तोंडावर पाणी मारलं, कुणी देवाची नावं घ्यायला सांगितलं. तिच्या पापण्या जडच होत चालल्या. तेव्हा मास्तर पुस्तक घेऊन पुढे झाले आणि पुढचं प्रकरण वाचू लागले. बसून वाचलं की आवाज एकसुरी होतो, ती पेंगते, हे ध्यानात आल्यावर ते उभे राहिले, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायला लागले. तिची नजर त्यांच्यामागे फिरू लागली. मनातल्या मनात त्यांनी गावच्या सिद्धनाथाला नवस बोलला, की ही वाचली तर इथे यापुढे कुणाला बाहेर उभं राहून ऐकावं लागणार नाही.

पण कादंबरीची शेवटचीच दोन प्रकरणं उरली होती, ती संपली आणि ऊन अजून अंगणातच होतं. मास्तरांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. ऐकलेलीच गोष्ट ती, हौसाचे डोळे मिटायला लागले. घाबरलेल्या मास्तरांच्या हातून दोन पानं एकदम उलटली आणि तारू बंदर सोडण्याआधीच वादळात सापडलं. हौसाने डोळे उघडले. "मास्तर, मधलं ऱ्हायलं. आईचा निरोप घेतलाच न्हाई तिनं."

आत बसणाऱ्यांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. चूक ऐकली की ही जागी होते, हे मास्तरांनी हेरलं. मग त्या काटेकोर माणसाने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मुद्दाम चुकीचं वाचायला लागले! मेलेल्या खलाशाला त्यांनी जेवायला बसवलं. नायिकेच्या भावाचं लग्न लावलं ते तिच्याच लग्न झालेल्या मैत्रिणीशी. आणि तारू नेलं थेट काशीला.

"काशीला कसं जाईल तारू?" हौसा संतापून म्हणाली. "तिथं समुद्र हाय का?"

"पुस्तकात तसंच आहे," मास्तर म्हणाले.

"न्हाई! खोटं वाचताय तुमी!" म्हणत ती हाताच्या आधाराने उठू बघायला लागली. मग काय विचारता! आवारात जमलेले सगळेच ओरडायला लागले, कुणी मास्तरांच्या बाजूने, कुणी हौसाच्या. जिथे खोकायची चोरी होती तिथे बाजार भरला. भांडण चालू राहिलं, मास्तर चालत राहिले, आणि कधी दिवस मावळला ते कुणाला कळलंच नाही म्हणे. वैद्याने नाडी बघितली आणि नुसती मान हलवली. होकाराची.

मास्तर तेव्हा कुठे खाली बसले. म्हणाले, "हौसाबाई, पुढच्या गुरुवारी तुम्ही आत यायचं. पुढची जागा तुमची."

हौसा म्हणाली, "मी एकटी नव्हते, मास्तर. लई जणी होतो. मी पडले तशा त्या पळाल्या."

"कोण कोण होत्या?"

"नावं न्हाई सांगायची मी. घरी मार बसंल त्यांना. तुमीच हाक मारा, बिननावाची."

पुढच्या गुरुवारी मास्तरांनी काठी घेतली. एक तर जनावर पळावं म्हणून, आणि आपण येतोय हे बायकांना कळावं म्हणूनही. गवत बडवत ते फिरले, हाक दिली. कुणी आलं नाही. आत मंडळी चुळबुळ करू लागली, दोघेतिघे तणतणत निघूनही गेले. मास्तरांनी पुस्तक उघडलं नाही. पुन्हा फेरी, पुन्हा हाक. सावल्या लांबल्या. शेवटी कुंपणाच्या कण्हेरीआडून एक म्हातारी बाहेर आली, आणि लोक बघतात तर ती हौसाची सासू. दारात थबकली. म्हणाली, "म्या बी ऐकते. लई वर्सं झाली."

तिच्यामागून मग बाकीच्या आल्या.

ते गवत गेलं, तिथे आता फरशी आहे. बायका तर आमच्या कार्यकारिणीत आहेत. मग आता हाक कशाला, असं ते साहेब विचारतात. मी त्यांना म्हणतो, काठी घ्या आणि एक फेरी मारून या. ऊसतोडीच्या टोळीतल्या पोरी असतात, पायात चपला नाहीत म्हणून पायरीशी अडलेला कुणी असतो. मागच्या गुरुवारी एक गृहस्थ निघाले, गावातले बडे दुकानदार. वाचता येत नाही हे कुणाला कळू नये म्हणून भिंतीला कान लावून उभे होते.

चला, वेळ झाली. आजही हाक देताना वाटतं, कुणी येईल की नाही. पण हौसाच्या दिवसापासून आजवर एकदाही असं झालेलं नाही म्हणे, की बाहेर कुणीच नव्हतं.