सोपान बी.ए. नोकरीला लागतो

एका गावात एक भोळा बी.ए. होता. नाव सोपान. गावात पदवी मिळवलेला तो पहिलाच, म्हणून त्याची आई गोदाबाई भेटेल त्याला विचारायची, "बी.ए. झाल्यावर माणूस काय होतो हो?" कुणालाच सांगता येईना. शेवटी तिनं त्याला तालुक्याला धाडलं.

"तिथं आपली शिकलेली माणसं आहेत, कुणीतरी कामाला लावील. आणि हे बघ, कुणाशी जास्त बोलू नकोस."

बी.कॉम. झालेल्या चुलतभावाचं कापडाचं दुकान होतं. त्यानं सोपानला गादीवर बसवलं. गिऱ्हाईक विचारी, "ही साडी कितीला?" सोपान गप्प. "दुसरा रंग आहे का?" सोपान गप्प. दुपारपर्यंत दुकान ओस पडलं.

भाऊ ओरडला, "अरे शहाण्या, माणूस जायला निघाला की हात जोडून म्हणावं, पुन्हा या, येताना घरच्यांनाही आणा!"

"आता नाही चुकायचो," सोपान म्हणाला. पण नोकरी गेली होती.

मग तो तालुक्यातल्याच, एमबीबीएस झालेल्या जगताप डॉक्टरांकडे गेला. त्यांनी दवाखान्याच्या दारात खुर्ची दिली. टायफॉइडमधून उठलेली एक म्हातारी सुनेच्या आधारानं घरी निघाली. सोपाननं हात जोडले. "पुन्हा या, आजी. येताना घरच्यांनाही आणा."

सून औषधांची पिशवी उगारून धावली. डॉक्टर म्हणाले, "अरे, इथून जाणाऱ्याला म्हणायचं, देव करो आणि पुन्हा इथं यायची वेळ न येवो!"

"आता नाही चुकायचो."

हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या फिरोजनं खानावळ काढली होती. पोटभर जेवून लोक हात धुऊन निघाले, तसा सोपान दारात उभा राहिला. "देव करो आणि पुन्हा इथं यायची वेळ न येवो." एकानं तोंडात टाकायला घेतलेली बडीशेप परत वाटीत ठेवली.

फिरोज कपाळ बडवत म्हणाला, "बाबा रे, कुणाचं तोंड उतरलेलं दिसलं, तर जवळ जाऊन विचारायचं, एवढ्यावर भागलं का? आणखी वाढू का?"

"आता नाही चुकायचो."

मावसबहीण नलिनी वकील होती. तिच्या फायली धरून सोपान कोर्टात गेला. तिच्या अशिलाला तीन वर्षांची शिक्षा झाली. अशिलाचं तोंड उतरलं. सोपान जवळ गेला आणि मायेनं म्हणाला, "एवढ्यावर भागलं का? आणखी वाढू का?"

अशिलाला आवरायला दोन पोलीस लागले. नलिनी म्हणाली, "अरे दादा, तीन वर्षं झालेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा. धीर धरा म्हणावं. त्याच्या हातातला कागद घ्यावा आणि वरच्या कोर्टात जाऊन रद्द करून आणावा!"

सोपान घरी आला. गोदाबाईनं डोळ्याला पदर लावला. "प्राचार्यांच्या हातापाया पडून कॉलेजात शिपायाची जागा मागितलीय. ही घालवलीस, तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाही रे."

"आता नाही चुकायचो, आई," सोपान म्हणाला. त्यालाही रडू आलं.

कॉलेजात त्या दिवशी पदवीदान होतं. काळे झगे घातलेली पोरं-पोरी बघून सोपानला कोर्टाचीच आठवण झाली. प्राचार्य माईकवर म्हणाले, "तीन वर्षं झाली. आता निकाल तुमच्या हातात आहे."

सोपाननं कान टवकारले.

पहिलाच पोरगा कागद घेऊन मांडवाबाहेर आला. बापानं विचारलं, "आता पुढं काय?" पोराचं तोंड उतरलं. सोपाननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा. तो कागद द्या इकडं, रद्द करून आणतो."

पोरानं त्याच्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि कागद देऊन टाकला. मागं रांग लागली. कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत पोतं भरलं.

दुसऱ्या दिवशी सोपान पोतं पाठीवर घेऊन हायकोर्टाच्या खिडकीशी उभा.

"काय आहे हे?" बाबूनं विचारलं.

"अपील आहे, साहेब. सगळी पोरं निर्दोष आहेत."

"गुन्हा काय त्यांचा?"

"कुणावर बी.ए. आहे, कुणावर बी.कॉम., कुणावर बी.एस्सी. सगळ्यांना तीन-तीन वर्षं झालीत." सोपाननं एक कागद वर काढला. "आणि ह्या एका पोरीला तर, साहेब, वर डिस्टिंक्शनपण लावलंय!"