चिपला नकोशी झालेली खबर

रेडिओ बिघडला की लोक तो दुरुस्त करून घेत, त्या काळातली ही गोष्ट. जन्मभर एका रेडिओला वीज पुरवणारे ट्रान्सफॉर्मरआजोबा आता दुरुस्तीच्या दुकानातल्या फळीवर, त्याच रेडिओशेजारी बसून होते. रेडिओत त्यांच्या जागी नखाएवढी चिप आली होती. संध्याकाळी नाट्यगीत लागलं की आजोबा कान देत. पूर्वी त्या सुरांखाली त्यांची स्वतःची मंद घूं घूं असायची.

चिप क्षणात वीज सोडी, क्षणात तोडी. किती सोडायची, ते एक चिमुकला रेझिस्टर वीज रेडिओत शिरते त्या दाराशी उभा राहून तिला कळवी.

"बाईसाहेब, जास्त झाली! आता कमी पडतेय!"

"सारखी कटकट!" एके दिवशी चिप खेकसली. "छान चाललंय, असं कधी सांगितलंस का रे?"

"मी सांगतो म्हणूनच छान चाललंय."

"इतका शहाणा? चल, चालता हो!"

"अगं पोरी, त्याला घालवू नकोस," आजोबा कळवळले. "माझा रेडिओ जळेल!"

"म्हातारबुवा, तुमचा जमाना गेला."

रेझिस्टर पाय सोडवून निघून गेला. खबर थांबली, तशी रेडिओला वीज पोचतच नाही असं चिपला वाटलं. तिने सगळी ताकद लावली. वीज साठवणारा कपॅसिटर फुगून फुटला, रेडिओतून धूर आला आणि नाट्यगीत अर्ध्या ओळीत तुटलं.

"मला कोणी सांगितलं का नाही?" चिप किंचाळली.

 आजोबा मनातल्या मनात उरलेली ओळ पुरी करत होते.