चंद्राक्काचं शेवटचं प्रकरण

“मग, परतली का चंद्राक्का?”

यशवंत मास्तरांनी हा प्रश्न वैजयंतीला किती वेळा विचारला असेल, त्याला गणती नाही. ती पुण्याहून गडहिंग्लजला आली, उंबरा ओलांडला, की चहाच्या आधी हा प्रश्न.

मास्तर गावातल्या छापखान्यात कंपोझिटर होते. चाळीस वर्षं त्यांनी एकेका अक्षराचे शिशाचे खिळे जुळवून पानं उभी केली. शेवटी हातात होती ती गावातल्याच एका शिक्षकाची कादंबरी. तिच्यातली चंद्राक्का घरच्यांशी भांडून हिरण्यकेशी नदीच्या पलीकडे निघून गेली, आणि त्याच आठवड्यात छापखाना बंद पडला. एकच प्रकरण जुळवायचं राहिलं होतं. लेखक हस्तलिखित घेऊन बदलीच्या गावी गेले, खिळे मोडीत गेले. चंद्राक्का मात्र मास्तरांच्या जिवाला लागून राहिली.

शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे खिळे जुळवायला शिकलेली वैजयंती आता इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर होती. हुशार होती, आणि ते तिला चांगलं ठाऊकही होतं.

“मी नाही सांगणार,” ती आज म्हणाली. “तुम्हीच वाचा.”

“डोळं कुठं ऱ्हायल्यात आता?”

“त्याचीच सोय केलीय, मास्तर.”

लेखक वारले होते. त्यांच्या मुलीला शोधून, विनवून तिनं ते प्रकरण मिळवलं. मग वाचनयंत्र बनवायचं किट मागवलं: काचेचा पातळ इलेक्ट्रॉनिक कागद, तारांची एक पट्टी, बॅटरी, बटणं. मोबाइलसारखा डोळ्यांवर उजेड फेकणारा पडदा नव्हे. छापल्यासारखी काळी अक्षरं, तीही अंगठ्याएवढी. सहा महिन्यांचे रविवार त्यात गेले. लाकडी चौकटसुद्धा तिनं स्वतः घासून केली.

ती चौकट मास्तरांच्या मांडीवर ठेवून तिनं ऐटीत बटण दाबलं.

पान उमटलं... आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

सगळं पान आरशात दिसावं तसं उलटं. ओळी उजवीकडून डावीकडे पळत होत्या.

पान आणखी झटकन बदलावं म्हणून तिनं कालच प्रोग्राममध्ये हात घातला होता. चांगलं चाललेलं होतं, पण खाजवून खरूज काढल्याशिवाय हुशार माणसांना चैन पडत नाही. निघायच्या घाईत पुन्हा लावून पाहायचं राहिलं. लॅपटॉप पुण्यात.

“काय झालं गं?”

“सगळं उलटं उमटलंय.”

“प्रूफ काढलं न्हवतंस?”

प्रूफ काढून बघितल्याशिवाय यंत्र फिरवायचं नाही, हा मास्तरांनी तिला शिकवलेला पहिला धडा.

मास्तर ऐंशीच्या पुढचे. डोळ्यांचं तेज महिन्यामहिन्यानं कमी होत चाललेलं. पुढच्या खेपेपर्यंत... तिनं तो विचार पुरा होऊ दिला नाही.

“मी सांगते शेवट,” ती घाईनं म्हणाली. “मास्तर, चंद्राक्का...”

“गप.”

मास्तरांनी चौकट उचलली आणि मांडीवर फिरवली. वरची बाजू खाली, खालची वर.

झालं, यांना आता एवढंही दिसत नाही, असं तिला वाटलं.

“मास्तर, आधीच उलटं आहे ते...”

मास्तरांनी सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. बोट डावीकडून उजवीकडे सरकलं, मग वरच्या ओळीवर चढलं.

“नदीचं पाणी उतरलं, तशी चंद्राक्का घाटावर येऊन बसली...”

कुठं अडखळणं नाही, चाचपडणं नाही.

तेव्हा वैजयंतीला उमगलं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, म्हणून ते कागदावर सरळ उमटतं. कंपोझिटर ते खिळे अक्षराचं डोकं खाली करून लावतो आणि तसेच वाचतो, खालून वर. चाळीस वर्षं मास्तरांनी असंच वाचलं होतं. चंद्राक्का घर सोडून गेली, तेही त्यांनी असंच वाचलं होतं.

“पान कसं उलटायचं?”

“ते गोल बटण.”

पान क्षणभर काळं झालं आणि नवं उमटलं. मास्तर पोरासारखे हसले.

“खिळं सोडलं, पुन्यांदा लावलं. झ्याक!”

चहा निवून गेला, दुपार कलली. लहानपणी बसायची तशी वैजयंती त्यांच्या पायाशी बसून ऐकत राहिली. शेवट तिला ठाऊक होता, तरी तिचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटच्या पानावर मास्तरांचं बोट थांबलं.

“आली गं,” ते म्हणाले. “दार उघडंच हुतं.”



मग वैजयंतीनं पदरानं डोळे पुसले आणि हात पुढे केला.

“द्या, मास्तर. माझ्या घाईनं बिघडलं. पुण्याला नेते, आठवड्याभरात सरळ करून आणते.”

मास्तरांनी चौकट छातीशी धरली.

“लोकांचं सरळ कर, पोरी. माझं ऱ्हाऊ दे.”